गेम डेमो

गेम डेमो म्हणजे विक्रीसाठी तयार केलेल्या व्हिडिओ गेमचा, मोफत वाटला जाणारा आणि प्रत्यक्ष खेळता येणारा अंश होय. खेळ कसा आहे, तो आपल्या संगणकावर चालतो की नाही आणि आपल्याला रुचतो की नाही, हे ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी स्वतः पडताळून पाहावे हा त्याचा मूळ हेतू. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांत डेमो काढणे ही या व्यवसायातील रूढ प्रथा होती. २०१० नंतर मोठ्या प्रकाशकांनी ती क्रमाक्रमाने सोडून दिली. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांमध्ये, जेथे अधिकृत खेळ विकणारे दुकान सहसा नव्हते, तेथे मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरील डेमो हाच अनेकांच्या हाती रीतसर आलेला एकमेव खेळ होता. त्यामुळे या प्रथेच्या ऱ्हासाचा अर्थ मोठ्या शहरांत आणि लहान गावांत सारखा राहिला नाही.

संज्ञा

‘डेमो’ हे ‘डेमॉन्स्ट्रेशन’ या शब्दाचे लघुरूप आहे. मराठीत त्यासाठी ‘नमुना आवृत्ती’ किंवा ‘चाचणी आवृत्ती’ असे शब्दप्रयोग केले जातात. मात्र बोलण्यात ‘डेमो’ हाच शब्द रुळलेला आहे. अर्थाच्या दृष्टीने त्याला सर्वांत जवळचा जुना मराठी शब्द ‘वानगी’ हा होय. धान्याच्या राशीतून मूठभर धान्य काढून दाखवले की ती वानगी. ‘वानगीदाखल’ हा प्रयोग त्यातूनच आला. ही तुलना केवळ शब्दापुरती नाही. नांदगाव किंवा मनमाडच्या बाजार समितीत कांद्याची बोली लावणारा व्यापारी ट्रॉलीतला माल पाहिल्याशिवाय आकडा बोलत नाही. विकणाऱ्याने माल उघडा करून दाखवायचा आणि घेणाऱ्याने पारखून भाव करायचा, ही व्यवहाराची रीत डेमोने संगणकीय खेळांच्या बाजारात आणली होती.

स्वरूप

डेमोचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात खेळाचे आरंभीचे एकदोन टप्पे खुले असतात. उदाहरणार्थ, ‘डायब्लो’च्या डेमोत तळघराचे पहिले दोन मजले आणि तीनपैकी एकच पात्र उपलब्ध होते. दुसऱ्या प्रकारात खेळ खुला, पण वेळ मर्यादित असतो. ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ या जपानी खेळाच्या २०१८ मधील डेमोत तीन तास खेळता येत असे आणि तेथवरची प्रगती पुढे संपूर्ण खेळात नेता येत असे. फुटबॉलच्या ‘फिफा’ मालिकेच्या डेमोत मोजके संघ आणि आखूड केलेला सामना असे.

तिसरा प्रकार विरळा, पण अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. यात मूळ खेळात कोठेही नसलेला भाग केवळ डेमोसाठी रचला जातो. १९९९ च्या फेब्रुवारीत आलेला ‘हाफ-लाइफ: अपलिंक’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ‘स्टारक्राफ्ट’च्या डेमोतही मूळ कथेच्या आधीच्या घटनांवर बेतलेल्या स्वतंत्र मोहिमा होत्या. असा डेमो नाहीसा झाला तर एक स्वतंत्र कृतीच नाहीशी होते.

उगम: शेअरवेअर

डेमोचे मूळ अमेरिकेतील ‘शेअरवेअर’ पद्धतीत आहे. १९८० च्या दशकात काही आज्ञावलीकार आपली आज्ञावली मोफत वाटत. वापरणाऱ्याला ती पसंत पडली तर त्याने पैसे पाठवावेत, अशी विनंती असे. बहुतेक जण पैसे पाठवत नसत. यावर ‘अपोजी’ या संस्थेच्या स्कॉट मिलर यांनी १९८७ मध्ये ‘किंग्डम ऑफ क्रॉझ’ या खेळाच्या निमित्ताने तोडगा काढला. खेळाचे भाग पाडून पहिला भाग मोफत वाटायचा आणि उरलेले भाग टपालाने विकायचे. कादंबरीचे पहिले प्रकरण फुकट देण्यासारखाच हा प्रकार होता.

ही पद्धत ‘कमांडर कीन’ (१९९०) व ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२) या खेळांनी रूढ केली आणि ‘डूम’ने तिला कळस चढवला. १० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘डूम’चा पहिला भाग चढवला गेला, तेव्हा तो उतरवून घेणाऱ्यांच्या गर्दीने तेथील यंत्रणा कोलमडली. मूळ २७ टप्प्यांपैकी ९ टप्पे, म्हणजे एक तृतीयांश खेळ, यात फुकट होता आणि तो दोन फ्लॉपींवर मावत असे. मित्राला प्रत करून द्या, असे प्रकाशक स्वतःच सांगत. प्रत करणे हा गुन्हा नसून प्रचार आहे अशी भूमिका या व्यवसायाने इतक्या उघडपणे नंतर क्वचितच घेतली.

सीडी आल्यावर मासिकांनी डेमो वाटण्याचे काम उचलले. युरोप-अमेरिकेत प्लेस्टेशनच्या अधिकृत मासिकांसोबत दरमहा डेमोची सीडी मिळू लागली. २००१ मध्ये ‘झोन ऑफ द एंडर्स’ हा खेळ अनेकांनी त्याच्यासोबत येणाऱ्या ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या डेमोसाठीच विकत घेतला, असे सांगितले जाते. वानगीसाठी दुसरेच पोते विकत घेण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल!

भारतात व महाराष्ट्रात

भारतात डेमोचा प्रसार मुख्यतः संगणकविषयक इंग्रजी मासिकांमुळे झाला. ‘चिप’ची भारतीय आवृत्ती, ‘पीसीक्वेस्ट’, २००१ मध्ये मुंबईहून सुरू झालेले ‘डिजिट’ आणि त्याच समूहाचे खेळविषयक ‘स्कोअर’ ही त्यांतील ठळक नावे. मासिकासोबत एक किंवा दोन सीडी असत. पुढे त्यांची जागा डीव्हीडीने घेतली. तीत मोफत आज्ञावल्या, ड्रायव्हर, पॅच, वॉलपेपर आणि ट्रेलर यांच्यासोबत खेळांचे डेमो असत. मासिकातील लेख न वाचता केवळ सीडीसाठी अंक घेणारा वाचकवर्ग मोठा होता, हे संपादकांनाही ठाऊक असावे.

या सीडींचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या इंटरनेटची स्थिती लक्षात घ्यावी लागते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या या सेवेचा वेग पुढे सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत गेला. या कमाल वेगाने १०० मेगाबाइटचा डेमो उतरवायला जवळजवळ ४ तास लागतील, असे साध्या गणिताने निघते. प्रत्यक्षात कमाल वेग मिळत नसे, आणि तेवढा वेळ दूरध्वनी अडून राही व त्याचे बिलही चढत असे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले गेले. त्या वेगानेही ५०० मेगाबाइटच्या डेमोला ४ तासांहून अधिक वेळ लागे. दरमहा वापराला मर्यादा असे. भारत संचार निगमच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेत वापर अमर्याद असल्यामुळे मोठ्या फायली पहाटे उतरवण्याची सवय अनेक घरांना लागली. त्यात भारनियमन असेल तर अर्धी उतरलेली फाइल वाया जाई.

अशा परिस्थितीत नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या गावी डेमो पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग लोहमार्ग हाच होता. नांदगाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे आणि मनमाड हे मोठे जंक्शन त्याच तालुक्यात आहे. मुंबईत छापलेली मासिके आगगाडीने स्थानकांवरील पुस्तकांच्या स्टॉलपर्यंत येत. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणकाची दुकाने दाटीवाटीने आहेत. तेथे मिळणारा खेळ तालुक्याच्या गावी आणायचा तर मुंबईला जाणारा कोणीतरी गाठावा लागे. मासिक मात्र शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास गावातच मिळे, आणि एक सीडी अनेक घरांतून फिरे.

याच सुमारास, २००१ मध्ये, महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि राज्याच्या तालुक्या-तालुक्यांत प्रशिक्षण केंद्रे उघडली. घरी संगणक नसलेल्या हजारो विद्यार्थ्यांचा संगणकाशी पहिला संबंध या केंद्रांत आणि नेट कॅफेंमध्ये आला. तेथील यंत्रे साधी, बिनग्राफिक कार्डाची असत. ‘मिडटाउन मॅडनेस’ची चाचणी आवृत्ती किंवा ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेतील एखादा डेमो अशा यंत्रावर चालतो का, हे पाहण्यातच निम्मी गंमत असे. ‘मिनिमम रिक्वायरमेंट’, ‘रॅम’, ‘डायरेक्टएक्स’ हे शब्द अनेकांनी पाठ्यपुस्तकाआधी डेमो बसवताना आलेल्या त्रुटीसंदेशांतून शिकले.

डेमोच्या जोडीला अनधिकृत प्रतींचाही सुळसुळाट होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. ‘जीटीए: व्हाइस सिटी’ किंवा ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हे खेळ भारतात जितके लोकप्रिय झाले, त्यात कॉपी केलेल्या सीडींचा वाटा फार मोठा होता. त्याआधी दूरदर्शन संचाला जोडायच्या ‘टीव्ही गेम’ची कॅसेटही बहुधा नकलीच असे. म्हणून भारतात डेमो संपल्याने खेळ विकत घेणारे कमी झाले असे सरळ विधान करता येणार नाही. विकत घेणारे मुळातच थोडे होते. मात्र कॉपी सीडी आणि अधिकृत खेळ यांच्या मधली, कोणतीही लबाडी न करता खेळता येण्याची जी एक पायरी होती, ती डेमोची होती. ती निघून गेली.

ऱ्हासाची कारणे

डेमो बंद होण्याला कोणताही एक निर्णय किंवा एक वर्ष कारणीभूत नाही. पहिले कारण निर्मितीच्या प्रक्रियेतच आहे. डेमोचा उपयोग खेळ बाजारात येण्याच्या थोडे आधी. पण नेमक्या त्याच वेळी निर्माते मूळ खेळ पूर्ण करण्याच्या धांदलीत असतात. अपुऱ्या खेळातून एक तुकडा कापून काढायचा, त्याला आरंभ आणि शेवट द्यायचा, त्याची स्वतंत्र चाचणी घ्यायची आणि कन्सोलवर प्रसिद्ध करायचा असेल तर कन्सोल कंपनीची वेगळी मान्यता मिळवायची, हा सारा खर्च उत्पन्न नसलेल्या वस्तूवर होतो. ‘डूम’चे टप्पे सुटे होते, त्यामुळे कापणे सोपे होते. सलग, अवाढव्य जग असलेल्या पुढच्या काळातील खेळांचा दहा मिनिटांचा तुकडा कोठून कापावा हाच प्रश्न पडू लागला. २०२० मध्ये ईए कंपनीने ‘फिफा २१’चा डेमो काढणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा निर्मितीचा वेळ संपूर्ण खेळावर खर्च करायचा आहे हेच कारण तिने दिले होते.

दुसरे कारण विक्रीचे. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘डाइस’ परिषदेतील व्याख्यानात खेळरचनाकार व प्राध्यापक जेसी शेल यांनी ‘ईडार’ या संस्थेने जमवलेली एक्सबॉक्स ३६० वरील खेळांच्या विक्रीची आकडेवारी मांडली. ट्रेलर आहे पण डेमो नाही अशा खेळांची विक्री सर्वाधिक होती. ट्रेलर आणि डेमो दोन्ही असलेल्या खेळांची विक्री तिच्या जवळजवळ निम्मी होती. ट्रेलर कुतूहल जागे करतो, डेमो ते शमवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. या निष्कर्षावर रास्त आक्षेपही आहेत. ज्या खेळांची जाहिरात प्रचंड असते त्यांना डेमोची गरजच नसते आणि ज्यांना खात्री नसते तेच डेमो काढतात, असे असेल तर कमी विक्री हा डेमोचा परिणाम म्हणता येत नाही. तरीही हा आलेख प्रकाशकांच्या मनात घर करून बसला. चांगल्या खेळाला डेमोची गरज नाही आणि वाईट खेळाला तो परवडत नाही, हा तर्क विक्रेत्याच्या बाजूने अचूक आहे. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर वाईट खेळ ओळखता येणे हाच डेमोचा उपयोग होता.

तिसरे कारण पाहण्याच्या सवयीचे. २००५ मध्ये यूट्यूब आणि २०११ मध्ये ट्विच सुरू झाल्यावर दुसऱ्याचा खेळ तासन्‌तास पाहता येऊ लागला. खेळाची ओळख करून देण्याचे डेमोचे काम त्यामुळे फुकटात होऊ लागले. पाहणे आणि खेळणे यांत अर्थातच अंतर आहे. दुसऱ्याने खेळलेला सामना पाहून बॅटचे वजन कळत नाही, आणि तो खेळ आपल्या यंत्रावर चालेल की नाही हेही कळत नाही.

सीडीसह मासिके खपेनाशी झाली, हे यातले सर्वांत साधे कारण. त्याबरोबर डेमो ठरावीक काळाने हाती ठेवणारी यंत्रणाही गेली. एक्सबॉक्स ३६० च्या ‘लाइव्ह आर्केड’ विभागात प्रत्येक खेळाला मोफत चाचणी आवृत्ती देणे बंधनकारक होते. २०१३ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स वनपासून ते ऐच्छिक झाले.

डेमोची जागा घेणारे प्रकार

डेमोची जागा एकाच गोष्टीने घेतली नाही. ‘स्टीम’ या विक्रीमंचाने २०१३ मध्ये ‘अर्ली ॲक्सेस’ सुरू केला. यात अपूर्ण खेळ पैसे घेऊन विकला जातो, म्हणजे वानगीचीच किंमत पडते. २०१७ पासून एक्सबॉक्सच्या ‘गेम पास’सारख्या वर्गणी योजना आल्या. २०२२ मध्ये प्लेस्टेशनने वर्गणीच्या सर्वांत महाग श्रेणीत महागड्या खेळांच्या काही तासांच्या चाचण्या समाविष्ट केल्या. पूर्वी फुकट असलेली गोष्ट अशा रीतीने वर्गणीदारांची सवलत झाली.

ग्राहकाच्या सर्वांत उपयोगाचा पर्याय पैसे परत मिळण्याचा. २ जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलेल्या खेळाचे पैसे परत मागता येतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयांतील किमतीही आल्या. परंतु यात पैसे आधी भरावे लागतात आणि संपूर्ण खेळ उतरवून घ्यावा लागतो. डेमोसाठी ना खाते लागे ना कार्ड. बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही तो घरच्यांकडे पैसे न मागता खेळता येई. भारतातील ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने येतात, पण सदोष नसलेली वस्तू केवळ पसंत पडली नाही म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क त्यात नाही. परतावा मिळतो तो विक्रेत्याच्या धोरणानुसार. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ चे काही खेळ भारतात ४,९९९ रुपयांना आले. या किमतीला न पारखता केलेली खरेदी फसली तर नुकसान किरकोळ राहत नाही.

लहान गावांत मात्र डेमोची खरी जागा घेतली ती मोबाइलवरील ‘फ्री-टू-प्ले’ खेळांनी. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि २०१८ मध्ये आलेला ‘पबजी मोबाइल’ ज्या मुलांनी संगणकावर कधीच खेळ पाहिला नव्हता त्यांच्यापर्यंत पोहोचला. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली; पुढच्या वर्षी तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या रूपात परत आला. हे खेळ वरवर पाहता अमर्याद डेमोच वाटतात. फरक असा, की डेमोची मर्यादा आधीच सांगितलेली असे. शेवटच्या पडद्यावर संपूर्ण खेळाची किंमत येई आणि व्यवहार तेथे थांबे. फ्री-टू-प्ले खेळात असा शेवटचा पडदा नसतो; पोशाख, शस्त्रांचे रंग, हंगामी पास यांच्या रूपाने लहान लहान मागण्या खेळ चालू असेपर्यंत येत राहतात. मुलाने एकूण किती खर्च केला हे पालकांना बहुधा खात्यातून पैसे गेल्यावरच कळते.

अंशतः पुनरागमन

डेमो पूर्णपणे संपलेला नाही. जपानी प्रकाशकांनी तो बऱ्याच प्रमाणात टिकवला. ‘फायनल फँटसी १६’चा डेमो जून २०२३ मध्ये, खेळ येण्याच्या थोडे आधी, प्रसिद्ध झाला. स्वतंत्र निर्मात्यांसाठी स्टीमने २०१९ च्या डिसेंबरात ‘गेम फेस्टिव्हल’ घेतला. २०२१ पासून तो ‘नेक्स्ट फेस्ट’ या नावाने होतो आणि त्यात नव्या खेळांचे शेकडो डेमो काही दिवस खुले असतात. ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही त्याला वानगी दाखवावीच लागते. डेमो पुन्हा आला तो या गरजेतून.

याचे जवळचे उदाहरण पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या खेळाचे आहे. भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या या खेळासाठी २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’वर निधी उभारण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा लोकांना खेळून पाहता यावा म्हणून डेमोही दिला होता. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर व त्यानंतर इतर मंचांवर आला.

जतनाचा प्रश्न

डेमो हा विक्रीचा तात्पुरता ऐवज मानला गेल्यामुळे त्याचे जतन कोणाचीच जबाबदारी ठरली नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर ‘पी.टी.’ हा भयखेळ एका अज्ञात संस्थेच्या नावाने मोफत प्रसिद्ध झाला. तो हिदेओ कोजिमा यांच्या नियोजित ‘सायलेंट हिल्स’ची झलक होता, हे खेळाडूंना तो पूर्ण केल्यावरच समजले. मूळ खेळ रद्द झाला आणि एप्रिल २०१५ अखेर कोनामी कंपनीने ‘पी.टी.’ दुकानातून काढून टाकला. ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवता येईना. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोच्या ‘थ्रीडीएस’ व ‘वी यू’ या कन्सोलांचे आणि जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान बंद झाले, तेव्हा तेथील डेमो नव्याने मिळण्याची सोयही संपली.

या तुलनेत सीडीवरील डेमो अधिक काळ टिकले आहेत. जगभरच्या मासिकांसोबत आलेल्या अनेक सीडींच्या प्रती स्वयंसेवकांनी ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर चढवल्या आहेत आणि योग्य साधने वापरल्यास त्या आजच्या संगणकावरही चालवता येतात. भारतीय मासिकांच्या सीडी मात्र बहुतांशी घराघरांतील खणांतच राहिल्या किंवा अंकांबरोबर रद्दीत गेल्या. ग्रंथालये मासिकाचे अंक बांधून ठेवतात, पण त्यांच्यासोबतची सीडी सहसा बांधणीत राहत नाही. जुन्या सीडी दोऱ्याने बांधून शेतात टांगण्याची युक्ती महाराष्ट्रात सर्रास दिसते. उन्हात त्या चमकल्या की पाखरे पिकावर उतरत नाहीत.